जिजाईच्या हातातली वहाण

अंगारकीला कल्याणहून आसनगाव किंवा कसारा लोकल पकडली की शहाड, आंबिवली जाईपर्यंत डब्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. दुर्वांच्या जुड्या, पिशवीतले नारळ, कडेवरची पोरं. टिटवाळा आलं की सगळा लोंढा महागणपतीकडे उतरतो आणि गाडी हलकी होऊन खडवलीकडे निघते. खडवलीत स्टेशनापासून जवळच भातसा नदी आहे, स्वामी समर्थांचा मठ आहे, आणि रविवारी नदीत डुंबायला येणारी गर्दीही आहे.

टिटवाळ्याला उतरलेल्या त्या गर्दीत एक माणूस हमखास असतो. तो आईला किंवा बायकोला सोबत म्हणून आलेला असतो. पिशव्या तोच उचलतो, रांग कुठून सुरू होते ते तोच बघून येतो. आत मात्र जात नाही. "तुम्ही जाऊन या, मी चपला सांभाळतो," असं म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर बसतो. त्याचं देवाशी भांडण नसतं आणि घरच्यांशी तर नसतंच. त्याचा देवावर विश्वास नसतो, एवढंच. असा एखादा काका, मामा किंवा धाकटा दीर नाही असं मराठी घर सापडणं अवघड. घरच्यांनी त्याला कधीचंच आपल्यात धरलेलं आहे. सिनेमात मात्र त्याला अजून नीट जागा मिळालेली नाही.

अलीकडच्या गाजलेल्या सिनेमांत नास्तिक माणूस मध्यंतरापर्यंत बोलू शकतो. त्यानंतर त्याचं काय होणार, हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतं. 31 जुलै 2015 ला आलेला 'देऊळ बंद' घ्या. प्रवीण तरडे आणि प्रणित कुलकर्णी यांचं दिग्दर्शन, गश्मीर महाजनी नायक. हा राघव शास्त्री अमेरिकेत नासात काम करणारा शास्त्रज्ञ. देवधर्म मानत नाही, आणि राहायला येतो त्या सोसायटीतलं स्वामी समर्थांचं मंदिर बंद करायला लावतो. मग मोहन जोशींच्या रूपात स्वामीच त्याच्यासमोर उभे राहतात. सिनेमा जोरात चालला. खडवलीच्या मठात जाणाऱ्या कितीतरी घरांनी तो पोराबाळांसह बघितला असणार, आणि त्यांना मिळालेला आनंद खरा होता. प्रश्न राघवचा आहे. त्याची शंका कधी तपासलीच जात नाही. तिच्यावर इलाज केला जातो. नास्तिकपणा म्हणजे परदेशी शिक्षणातून आलेला गर्व, आणि गर्व उतरला की माणूस बरा होतो, अशी त्या पटकथेची समजूत आहे.

हिंदीतही फार वेगळं घडलेलं नाही. 'कांजी विरुद्ध कांजी' या गुजराती नाटकावरून आलेल्या 'ओ माय गॉड'मध्ये (2012) परेश रावलचा दुकानदार भूकंपात दुकान गेल्यावर थेट देवावर खटला भरतो. विमा कंपनीनं ही देवाची करणी म्हणून हात वर केलेले असतात, तेव्हा भरपाई देवानंच द्यावी, असा त्याचा साधा मुद्दा. कोर्टातले त्याचे प्रश्न आजही ऐकावेसे वाटतात. पण त्याच्या बाजूनं लढायला प्रत्यक्ष कृष्णच मोटारसायकलवरून येतो, आणि त्यानंतर नास्तिक असण्याला अर्थच उरत नाही. 'पीके'नं (2014) आणखी सावध वाट धरली. त्यातला परग्रहवासी देव नाही असं म्हणतच नाही. मधले दलाल चुकीच्या नंबरावर फोन लावून देतात, एवढीच त्याची तक्रार. एवढ्यावरही काही शहरांत थिएटरांची तोडफोड झाली.

या सिनेमांच्या तारखांना मधल्या एका तारखेचा संदर्भ आहे. 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात, फिरायला निघालेल्या अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वर पुलावर गोळ्या घालण्यात आल्या. वर्षानुवर्षं अडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. मराठी समाजात श्रद्धा आणि चिकित्सा यांच्यात इतकं काही घडत असताना मुख्य धारेतला सिनेमा शंकेखोर माणसाचे हात जोडून घेण्यात गुंतला होता, हे आज मागे वळून पाहताना बोचतं.

निर्मात्यांची अडचण खोटी नाही. सिनेमात कोट्यवधी रुपये अडकलेले असतात, आणि एखाद्या संघटनेच्या पत्रकावरून प्रदर्शन लांबू शकतं. महात्मा फुल्यांवरचा हिंदी 'फुले' 2025 च्या एप्रिलमध्ये जोतिबांच्या जयंतीला, 11 तारखेला लागायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर मंडळानं बदल सांगितले, आणि तो दोन आठवडे पुढे गेला. फुले तर नास्तिकही नव्हते, ते निर्मिकाला मानणारे होते. त्यांच्या बाबतीत हे होत असेल, तर खरोखरच्या निरीश्वरवाद्यावर पैसे कोण लावणार?

तरीही धास्तीनं सगळ्याचा उलगडा होत नाही, कारण मराठी सिनेमा पूर्वी याहून धीट होता. तोही संतपटात.

प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 चा. दामले-फत्तेलाल यांचा हा सिनेमा मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सगळ्यांना आठवतात. पण सिनेमाचा कणा आहे ती गौरी या नटीनं उभी केलेली जिजाई. नवरा अभंगात रंगलेला, घरात दाणा नाही, आणि पोर आजारी. ही बाई पदर खोचते, एका हातानं पोराला ओढत नेते आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळात विठोबासमोर उभी राहते, देवाला बडवायला. कॅमेरा तिची टिंगल करत नाही. तिचं ओरडणं, दमलेलं शरीर, पोराच्या मनगटावरची घट्ट मूठ, हे सगळं तो सरळ नजरेनं दाखवतो. नव्वद वर्षांपूर्वी हजारो भाविकांनी हे पाहिलं आणि कोणाची भावना दुखावली नाही, कारण प्रत्येकाच्या घरात अशी एक जिजाई होती. सिनेमात चमत्कार भरपूर आहेत, शेवटी विमानही येतं. पण देवाला जाब विचारणाऱ्या बाईचा मान कुठं कमी होत नाही.

दुसरं उदाहरण डॉ. श्रीराम लागूंचं. देव ही कल्पना आता निवृत्त करायला हवी, असं जाहीर सभांतून सांगणारा हा नट. दाभोलकरांबरोबर ते गावोगाव वादसंवादाचे कार्यक्रम करत. त्यात लागू ठाम निरीश्वरवादाची बाजू मांडत, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही, ही भूमिका दाभोलकर समजावून सांगत. दोन मित्र हजारो लोकांसमोर देवावर वाद घालत आहेत आणि लोक शांतपणे ऐकत आहेत, हे महाराष्ट्रात घडलेलं आहे. याच लागूंनी 1977 मध्ये राजदत्तांच्या 'देवकीनंदन गोपाला'त गाडगेबाबा साकारले. डोक्यावर मडकं, हातात खराटा, आणि कीर्तनात समोरच्या माणसांना एकामागून एक प्रश्न. दगडाच्या देवाला नवस करणाऱ्यांना झापणारे आणि तरी देवकीनंदनाचा गजर करणारे बाबा, आणि त्यांच्या रूपात देव न मानणारा नट. कोणालाच त्यात विसंगती वाटली नाही. नास्तिक मराठी पडद्यावर इतक्या प्रेमानं वावरला तो असा, संताच्या चिंध्या पांघरून.

गाडगेबाबांचा हा धागा 2011 मध्ये पुन्हा हाती आला तो उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ'मध्ये. गिरीश कुलकर्णींनी लिहिलेल्या या सिनेमातला केश्या हा मंगरूळचा भोळा गुराखी. करडी नावाची गाय शोधता शोधता औदुंबराखाली झोपतो आणि त्याला दत्ताचं दर्शन होतं. बातमी फुटते, पत्रकार येतात, पोरांना धंदा दिसतो, पुढाऱ्याला मतं दिसतात. अण्णांनी, म्हणजे दिलीप प्रभावळकरांनी, गावासाठी आखलेलं हॉस्पिटल मागे पडतं आणि नाना पाटेकरांचे भाऊ देवळाच्या मागे उभे राहतात. मग दुकानं, प्रसाद, गाणी, गर्दी. ज्यानं देव पाहिला त्या केश्यालाच त्यात जागा उरत नाही. शेवटी तो रात्री मूर्ती उचलतो आणि नदीला देतो. गाव दुसरी मूर्ती आणतं.

या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं. पण एक गोष्ट नजरेतून सुटू नये. देवळाच्या बाजाराला विरोध करायचा अधिकार 'देऊळ'नंही भाविकालाच दिला. केश्याचा दत्त खरा आहे, म्हणून त्याला बोलता येतं. शंका घ्यायची तर आधी भक्त असावं लागतं, ही संतपटापासूनची अट 2011 मध्येही कायम होती. त्यामानानं सत्यजित राय यांचा बंगाली 'गणशत्रू' (1989) पाहावा. इब्सेनच्या नाटकावर बेतलेल्या या सिनेमातला डॉक्टर सांगतो, मंदिरातलं चरणामृत दूषित आहे, त्यानं कावीळ पसरते आहे. भर सभेत त्याला विचारतात, तू हिंदू आहेस का? त्याला कुठलाही साक्षात्कार होत नाही. पाण्याच्या तपासणीवर तो ठाम राहतो आणि सिनेमा शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं उभा राहतो. टिटवाळ्याच्या कट्ट्यावर चपला सांभाळत बसलेल्या माणसाला हा डॉक्टर आपला वाटेल.

धर्माधर्मांतल्या भांडणाचं चित्रणही असंच उतरणीला लागलेलं दिसतं. शांतारामबापूंचा 'शेजारी' 1941 चा, विश्राम बेडेकरांनी लिहिलेला. गावातले दोन म्हातारे, जिवबा पाटील आणि मिर्झा, बुद्धिबळाचे जोडीदार. गावात धरण बांधायला आलेला धनिक या दोघांच्या मैत्रीत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि त्या लोंढ्यात दोघे मित्र एकमेकांचा हात धरून जातात. मराठीत केशवराव दाते पाटील आणि गजानन जागीरदार मिर्झा. 'पडोसी' या हिंदी रूपात जागीरदारच मिर्झा राहिले आणि हिंदू म्हाताऱ्याची भूमिका मजहर खान यांना दिली गेली. फाळणीला सहा वर्षं होती. भांडण कोणाच्या फायद्याचं आहे, हे त्या सिनेमानं नाव घेऊन दाखवलं. भातसा धरणातून पाणी सुटलं की खडवलीच्या काठावरच्यांना सावध राहावं लागतं, त्यांना तो शेवटचा प्रसंग अधिकच जाणवेल.

कल्याण-ठाण्याच्या याच पट्ट्यावर पुढे सिनेमा झाला तो 'धर्मवीर' (2022), ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरचा. दिग्दर्शक पुन्हा प्रवीण तरडे, दिघ्यांच्या भूमिकेत प्रसाद ओक. 2024 मध्ये दुसरा भाग आला, त्याच्या जाहिरातीतच 'साहेबांच्या हिंदुत्वाची गोष्ट' असं लिहिलेलं होतं. ओकांचं काम अस्सल आहे. टेंभी नाक्यावरचा दरबार, अडल्यानडल्यांची गर्दी हे ठाणेकरांना ओळखीचं वाटलं. पण चरित्रनायकाच्या मोठेपणाची गोष्ट सांगताना समोरचा पक्ष माणूस म्हणून उभाच राहत नाही. 'शेजारी'त मिर्झाला घर होतं, स्वाभिमान होता, राग होता, आणि पाटलाइतकाच वेळ होता.

दिघ्यांच्या आयुष्यातलं एक मोठं आंदोलन मलंगगडाचं. कल्याणजवळच्या या डोंगरावरचं स्थान मुसलमानांसाठी हाजी अब्दुल रहमान, म्हणजे हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे आणि हिंदूंसाठी मच्छिंद्रनाथांची समाधी. माघी पौर्णिमेला दोन्ही बाजूंचे लोक चढून जातात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, घोषणा होतात. आणि तिथली वहिवाट पिढ्यानपिढ्या सांभाळत आलं आहे ते कल्याणचं एक ब्राह्मण घराणं, केतकरांचं. सकाळी डोंगर चढून दर्ग्याची व्यवस्था पाहणारा केतकर, खाली शहरात पेटलेला वाद, कोर्टातले कागद, आणि दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे वळलेल्या नजरा. मिर्झा आणि जिवबा पाटील उभे करणाऱ्या मराठी सिनेमाला कल्याणहून एवढंच अंतर चढून जायचं आहे.