धुळीचा कण आणि गर्भातला जीव

धूळ म्हटली की आम्ही चळवळीतली माणसे फुप्फुसापुरतेच बोलत आलो. पण मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर, आणि असल्या मापाचे कण आईची वारही ओलांडतात. २००९ साली जपानात केन ताकेदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरिणींना टिटॅनियम डाय-ऑक्साइडचे, म्हणजे रंगाला पांढरेपणा आणणाऱ्या भुकटीचे, कण कातडीखाली टोचले. सहा आठवड्यांच्या नर पिल्लांच्या वृषणांत आणि मेंदूत ते सापडले. शुक्रजंतूंची निपजही घटली होती. त्या पिल्लांना स्वतःला कोणी काहीच टोचले नव्हते!

उंदराला टोचणे निराळे आणि बाईने श्वासावाटे घेणे निराळे, असे मालकाचा वकील म्हणेल. म्हणणे खोटे नाही. माणसांविषयीचा पुरावा अजून अपुरा आहे. पण हिशेब पाहा. मुलग्याचे वृषण गर्भाच्या सातव्या-आठव्या आठवड्यापासून घडू लागतात. बाळंतपणाची रजा मिळते ती प्रसूतीआधी फार तर आठ आठवडे. तोवर बाई भुकटीच्याच खात्यात! म्हणून दिवस गेल्याचे कळताच तिला दुसऱ्या खात्यात हलवावे, आणि मजुरीतला एक पैसाही कापू नये, असे आम्ही मागतो. मजुरी कापली तर ती दिवस लपवील.