विमानाच्या फेऱ्या कोण ठरवतं?

पुण्याहून दिल्लीला दिवसभरात कितीतरी विमानं जातात. सोलापूरहून गोव्याला जून २०२५ मध्ये विमान सुरू झालं, तेही आठवड्यातले ठरावीक दिवसच. असं का? हे आज समजून घेऊ. आपल्यातल्या बऱ्याच जणी विमानात बसल्या नसतील, पण हाच हिशेब आपल्या एसटीच्या फेऱ्यांनाही लागतो.

पहिली गोष्ट, खुर्च्या भरणं. सकाळचं दूध वेळेत डेअरीत गेलं नाही तर नासतं. रिकाम्या खुर्चीचंही तसंच. विमान उडालं की ती विकता येत नाही. समजा, एका मार्गावर रोज १४० माणसं जातात. १८० खुर्च्यांचं मोठं विमान एकदा नेलं तर ४० खुर्च्या रिकाम्या राहतात. ७० खुर्च्यांचं लहान विमान दोनदा नेलं तर सगळ्या भरतात, शिवाय सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कामासाठी जाणारा माणूस त्या सोयीचे जास्त पैसे देतो. पण दोन फेऱ्या म्हणजे इंधन आणि उतरण्याचं भाडंही दोनदा. कंपनी या दोन्हींचा मेळ घालते. त्याच मार्गावर चांगली रेल्वे असेल तर तेही बघते. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावते, म्हणजे माणसं तिकडेही वळणार.

दुसरी गोष्ट, विमानाचा वेळ. बरीचशी विमानं भाड्याने घेतलेली असतात. उभं राहिलं तरी भाडं चालूच. म्हणून जिथे जास्त कमाई, तिथे ते आधी पाठवतात.

तिसरी गोष्ट, विमानतळावरची जागा. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे. प्रवासी विमानांना तिथे उतरायच्या-उडायच्या वेळा मोजक्याच मिळतात. नवीन वेळापत्रक वर्षातून दोनदा लागतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटी.

चौथी गोष्ट, सरकारी मदत. 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान २७ एप्रिल २०१७ ला सुरू झालं. अशा मार्गावर येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. पुढे मार्गाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. गटाला फिरता निधी मिळतो, पण पुढचा व्यवहार आपल्यालाच चालवावा लागतो, तसंच हे.

आता आपल्या एसटीकडे वळू. एसटी ही लोकांची सेवा आहे, तिला नुसता नफा बघून चालत नाही. तरी रिकामी धावणारी फेरी आधी बंद होते. आणि फेरी बंद झाली की पहिली घरी बसते ती कॉलेजला जाणारी मुलगी. "आम्हाला गाडी पाहिजे" एवढं सांगून भागत नाही. किती जणींना, किती वाजता, कोणत्या दिवशी पाहिजे, हे आकड्यात सांगावं लागतं.

म्हणून आम्ही गटांना एवढंच सुचवतो. एक आठवडा वहीत नोंद ठेवा. सकाळी किती मुली जातात, बाजाराला किती बाया, परत कधी येतात. त्या आकड्यांसकट ग्रामसभेत ठराव घ्या, दौंड आगारात अर्ज द्या आणि पोच घ्या. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो काढून घ्या. मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. ते तिकीट मागून घ्या, कारण तिकीट फाटलं तरच आपला प्रवास मोजला जातो.

आणि फेरी सुरू झाली की तिच्यानेच जा. दोन मिनिटं वाचवायला वडापात बसलो, तर गाडी रिकामी दिसेल आणि पुढच्या वेळी आपल्या अर्जाला जोर राहणार नाही.