तळहाताएवढ्या जागेवरची शर्यत

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर बुटीबोरीला वर्धा-यवतमाळ-तुळजापूरचा रस्ता फुटतो. तिकडे वळायचे असले की वाहनचालक आधी वेग कमी करतो. असे का? इंजिनाचा जोर कमी पडतो म्हणून नव्हे. वळणाऱ्या वाहनाला वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्याला आपण अभिकेंद्री बल म्हणतो. सपाट रस्त्यावर हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातूनच मिळते. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा! बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत सिएट कंपनीचा दुचाकींच्या टायरांचा कारखाना आहे. टायर दुचाकीचा असो वा शर्यतीच्या मोटारीचा, त्याची खरी कसोटी या लहानशा जागेवरच लागते.

शर्यतीचा चालक लहान वयात कार्ट चालवतो, मग एकआसनी मोटार आणि पुढे बहुधा जीटी मोटार. या तीन पायऱ्या म्हणजे त्या तळहाताएवढ्या जागेचे तीन धडे आहेत. ते कोणते, हे आपण पाहू या.

फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने २०११ साली देशभरातून होतकरू चालक शोधण्याची मोहीम काढली. तीत निवडल्या गेलेल्या तीन शाळकरी मुलांपैकी एक होता मुंबईचा जेहान दारूवाला आणि दुसरा बंगळूरचा अर्जुन मैनी. दोघांचा आरंभ कार्टपासून झाला.

कार्टला स्प्रिंगा नसतात. तिची मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. आता विचार करा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. साध्या मोटारीत डिफरन्शियल असल्यामुळे ती चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. कार्टमध्ये ही सोय नाही. मग ती वळते कशी? सुकाणूचक्र फिरवताच पुढच्या चाकांच्या विशिष्ट रचनेमुळे आणि सांगाड्याच्या लवचिकपणामुळे मागचे आतले चाक किंचित उचलले जाते, आणि कार्ट जणू तीन चाकांवर वळते. भार एका चाकावरून दुसऱ्या चाकावर कसा सरकतो, हा पहिला धडा मुले येथे अंगानेच शिकतात.

दुसरी पायरी एकआसनी मोटारीची. आधी एक गणित करू. वळणाची त्रिज्या १६० मीटर, घर्षणांक १ आणि गुरुत्वीय त्वरण १० धरा. न घसरता वळण्याच्या कमाल वेगाचा वर्ग म्हणजे या तिन्ही संख्यांचा गुणाकार, म्हणजे १६००. वेग आला सेकंदाला ४० मीटर, म्हणजेच ताशी १४४ किलोमीटर. यात मोटारीचे वस्तुमान कोठेच आले नाही, हे ध्यानात घ्या. मोटार जड केली तर घर्षण वाढते खरे, पण वळवण्यासाठी लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते.

एकआसनी मोटारीचे पंख येथे कामाला येतात. विमानाचे पंख वर उचलतात, हे पंख मोटारीला खाली दाबतात. समजा, हा दाब मोटारीच्या वजनाइतका झाला. मग घर्षण दुप्पट होते, वस्तुमान मात्र तेवढेच राहते. वेगाचा वर्ग ३२०० होतो आणि वेग जातो ताशी सुमारे २०४ किलोमीटरवर.

पण हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. म्हणून चालकाला वेगात असताना ब्रेक जोरात दाबता येतो, परंतु वेग उतरेल तसा पाय हलका करावा लागतो. नाहीतर चाके जखडतात आणि मोटार घसरते. फॉर्म्युला टूच्या मोटारीत हे सांभाळणारी एबीएस यंत्रणा नसते. सारी भिस्त चालकाच्या पायावर. या परीक्षेत मैनीने २०१७ साली बार्सिलोनाला जीपी थ्रीची शर्यत जिंकली. दारूवालाने डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीर येथे फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असा विजय मिळवणारा तो पहिला भारतीय.

तरीही फॉर्म्युला वनमध्ये २०२५ साली जगभरातील चालकांसाठी जागा होत्या अवघ्या वीस. मग बाकीच्यांची विद्या वाया जाते काय? मुळीच नाही. दारूवाला २०२४ साली फॉर्म्युला ई या विजेच्या मोटारींच्या शर्यतीत उतरला. मैनी २०२१ पासून जर्मनीच्या डीटीएम मालिकेत जीटी मोटार चालवू लागला.

ही तिसरी पायरी. जीटी मोटार रस्त्यावरच्या मोटारीपासूनच घडवलेली असते. जीटी थ्री वर्गातील मोटारीचे वस्तुमान सुमारे १३०० किलोग्रॅम. तिला एबीएसची मदत असते, पण अडचण वेगळीच आहे. सेकंदाला ६० मीटरवरून २० मीटरवर वेग आणताना तिची गतिज ऊर्जा २०,८०,००० ज्यूलने घटते. या ऊर्जेची बहुतेक उष्णता ब्रेकांत उतरते. तेवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे सात लिटर पाणी उकळीला येईल! हे दर फेरीत अनेकदा घडते, आणि काही जीटी शर्यती तर २४ तास चालतात. म्हणून तिसरा धडा जपून वापरण्याचा : ब्रेक आणि टायर शेवटपर्यंत टिकले पाहिजेत.

आता एक प्रयोग करून पाहा. लाकडी फळीवर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. रबर घसरू लागेल तेव्हा त्या टोकाची उंची मोजा आणि तिला फळीखालच्या आडव्या अंतराने भागा. हा झाला घर्षणांक. मग रबरावर एक नाणे चिकटवून पुन्हा मोजा. उत्तर जवळपास तेच येईल. शेवटी नाणे काढा आणि फळी तशीच तिरपी ठेवून रबर बोटाने फळीला काटकोनात दाबा. आता ते घसरत नाही. नाण्याने जे साधले नाही ते बोटाने कसे साधले? वरच्या दोन मोटारी आठवा आणि उत्तर वर्गात शिक्षकांना सांगा. त्यानंतर फळी ओली करून घर्षणांक पुन्हा काढा. पावसात बुटीबोरीच्या वळणावर वेग आणखी कमी का करावा, हे मग कोणी सांगावे लागणार नाही.