नेत्रदाह : लेखांक ५ – पुरानंतर लाल झालेले डोळे

डोळ्याचा बाहेरचा पांढरा, चिवट थर आणि आतले दृष्टिपटल यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला जो मधला थर असतो त्याला युव्हिया म्हणतात, आणि त्याच्या दाहाला युव्हियायटिस. हा दाह जंतुसंसर्गातून उद्भवू शकतो, तसाच शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ऊतींवर चाल केल्यामुळेही. दोन्हींत डोळा मात्र जवळजवळ सारखाच दिसतो. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दुसऱ्या प्रकारात दृष्टी वाचवतात, तर क्षयासारख्या संसर्गात तीच एकटी दिली तर रोग बळावतो. म्हणून या शाखेतील तज्ज्ञाचा बराचसा काळ उपचारापेक्षा कारण शोधण्यात जातो.

मदुराईतील अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ मध्ये जे घडले ते या शोधाचे नमुनेदार उदाहरण आहे. १९९३ च्या अखेरीस दक्षिण भारतात पूर येऊन गेले होते आणि त्यानंतर युव्हियायटिसचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. त्यांची तपासणी स्लिट लॅम्पने, म्हणजे प्रकाशाची अरुंद पट्टी डोळ्यात सोडणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने झाली. निरोगी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील पाणी या उजेडात निखळ पारदर्शक दिसते, तर दाह असताना त्यात कवडशातल्या धुळीसारख्या पांढऱ्या पेशी तरंगतात. त्या पेशी मोजूनच दाहाची तीव्रता ठरते. २००५ मध्ये सर्वमान्य झालेल्या मोजपट्टीनुसार एक मिलिमीटरच्या चौकोनी पट्टीत १६ ते २५ पेशी आढळल्यास दाह दुसऱ्या श्रेणीचा मानतात. मदुराईतील काही रुग्णांत तर या पेशी साचून कप्प्याच्या तळाशी पांढरा थर बसला होता, आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्याही सुजल्या होत्या.

हे चित्र तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेल्या रोगाशी बरेच जुळते. पण तो रोग साथीसारखा पसरत नाही. त्यामुळे संशय लेप्टोस्पायरा या जंतूकडे वळला, जो उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतो. रुग्णाच्या रक्तातील द्रव जिवंत जंतूंत मिसळला असता ते एकमेकांना चिकटून गोळा होतात का, हे पाहणारी चाचणी करण्यात आली. परंतु जेथे या जंतूचा रोग, लेप्टोस्पायरोसिस, नेहमीचाच असतो तेथे रक्तातील प्रतिपिंडे जुन्या संसर्गाचीही असू शकतात. म्हणून खरे वजन आहे ते डोळ्यातून सुईने काढलेल्या पाण्यात पीसीआर चाचणीने सापडलेल्या जंतूच्या डीएनएला. ७३ रुग्णांचा हा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. घोड्यांमधील वारंवार उलटणाऱ्या नेत्रदाहाशी या जंतूचा संबंध पशुवैद्यांना त्याआधीच ठाऊक होता, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

निदानाने उपचाराचा काळ बदलतो. लेप्टोस्पायरामुळे झालेला दाह स्टिरॉइडच्या थेंबांनी वा गोळ्यांनी सहसा ओसरतो आणि दृष्टी बहुधा परत येते, तर बेहचेत रोगात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे अनेकदा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. स्टिरॉइड दीर्घकाळ दिल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदू होण्याचा धोका असल्याने अशा जंतुविरहित दाहात पर्यायी औषधे वापरतात. मदुराईच्याच डॉ. एस. आर. रथिनम प्रथम लेखिका असलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मायकोफेनोलेट हे औषध जुन्या आणि स्वस्त मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस ठरले नाही. भारतीय रुग्णाच्या खिशाचा विचार करता हा निष्कर्ष लहान नव्हे.

लेप्टोस्पायरोसिसचा ताप उतरल्यावर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळा लाल होतो, आणि तोवर रुग्ण तो ताप विसरलेला असतो. कोकणातील भातशेतकऱ्यांनी आणि मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागणाऱ्यांनी म्हणूनच डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर डोळे आले असे समजून औषधाच्या दुकानातून थेंब आणू नयेत; नेत्रतज्ज्ञाला गाठून मागच्या पावसाळ्यातील ताप आवर्जून सांगावा.