लघवी दाबून का ठेवायची?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्या, म्हणजे आपल्याकडे अनेक जण म्हणतात तसा ‘शेक’ घेणाऱ्या, बायकांची एक तक्रार ठरलेली : रोज पाणी पिऊन लघवी का दाबून ठेवायची? सरकारी रुग्णालयातली रांग पाहता तक्रार रास्त आहे.

उपचाराचा आराखडा सुरुवातीच्या एका सीटी स्कॅनवर आखतात. बाहेरून द्यायचे किरण मात्र पुढे साधारण पाच आठवडे, पंचवीसेक वेळा दिले जातात. दरवेळी यंत्रावर नवं चित्र घेऊन जुन्याशी जुळवायचं. हाडं जुळवणं सोपं. चित्र थोडं सरकवलं, फिरवलं की काम झालं. पण गर्भाशय मूत्राशयावर रेललेलं असतं. मूत्राशय भरलं की ते वर उचललं जातं, रिकामं झालं की पुढे झुकतं. हा फरक काही सेंटिमीटरचाही असतो. म्हणजे हाड नेमकं जुळलंय आणि गर्भाशय किरणांच्या कडेबाहेर, असं घडू शकतं.

मग संगणक चित्रच ताणतो. जुन्या स्कॅनवर रबरी जाळी अंथरली आहे असं समजा. तिचे बिंदू ओढून-दाबून तो दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतो. कल्पना जुनी आहे. डार्सी थॉम्पसन या जीवशास्त्रज्ञाने १९१७ सालच्या पुस्तकात चौकटींवर एक मासा काढून, चौकटी वाकवून दुसऱ्या जातीचा मासा करून दाखवला होता.

अडचण वेगळीच आहे. उपचाराने गाठ आकसते. गुदाशयात काल वायू होता, आज नाही. त्याची जोडी आजच्या चित्रात शोधणार कुठे? तरी संगणक काहीतरी जुळवतोच, आणि चित्र दिसतं सुबक. मला हा सुबकपणाच धोक्याचा वाटतो. कारण मूत्राशयाला, गुदाशयाला आतापर्यंत किती किरण लागले याची बेरीज अशा जुळणीवरून करता येते. मात्रा मर्यादेपलीकडे गेली तर काही महिन्यांनी लघवीतून वा शौचावाटे रक्त जाऊ शकतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या अहवालात प्रत्येक रुग्णाची जुळणी तपासून घ्यायला सांगितलं, ते याचसाठी.

त्यापेक्षा मूत्राशय रोज सारखंच भरलेलं असणं स्वस्त आणि भरवशाचं. सांगितलेल्या वेळी, सांगितलं तेवढंच पाणी प्या; तांब्याभर जास्त नको. आणि पाणी पिऊन झाल्यावर यंत्र बंद पडलं, नंबर लांबला, तर संकोचाने कळ सोसत बसू नका. तंत्रज्ञाला सांगा, लघवीला जाऊन या आणि पुन्हा पाणी प्यायला सुरुवात करा.