एआयपी प्रथिन

मानवी कोशिकांतील एक अर्बुदरोधक प्रथिन. ‘अरिल हायड्रोकार्बन ग्राहीशी आंतरक्रिया करणारे प्रथिन’ या अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे. याच्या रेणूत ३३० ॲमिनो अम्ले असून त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवर असते.

कार्य : इतर प्रथिनांना धरून ठेवणे व स्थैर्य देणे हे याचे मुख्य कार्य होय. डायॉक्सिनासारखी विषारी द्रव्ये ओळखणारा अरिल हायड्रोकार्बन ग्राही कोशिकाद्रव्यात एचएसपी-९० व एआयपी या प्रथिनांशी संलग्न असतो. रेणूच्या अखेरच्या भागातील तीन पुनरावृत्त खंडांमुळे एआयपी प्रथिन एचएसपी-९० शी जोडले जाते. चक्रीय एएमपी या संदेशवाहक द्रव्याचे विघटन करणाऱ्या काही एंझाइमांशीही ते बद्ध होते.

पोष ग्रंथीची अर्बुदे : पोष ग्रंथीत चक्रीय एएमपी वाढल्यास वृद्धी हॉर्मोनाचा स्राव व ते स्रवणाऱ्या कोशिकांचे विभाजन यांना चालना मिळते. एआयपीच्या अभावी या संदेशावरील नियंत्रण ढिले पडते, असे प्रयोगांत आढळले आहे. जनुकाची एक सदोष प्रत आनुवंशिकतेने मिळते. पुढे ग्रंथीतील एखाद्या कोशिकेत दुसरी प्रतही नष्ट झाल्यास अर्बुद उद्‌भवते. हा संबंध २००६ मध्ये फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून उघडकीस आला. ही अर्बुदे बहुधा तरुण वयात होतात, मोठी असतात व औषधांना कमी प्रतिसाद देतात. अस्थींची वाढ पूर्ण होण्यापूर्वी ती झाल्यास उंची अतोनात वाढते. नंतर झाल्यास हात, पाय व जबडा मोठे होतात.

‘आयरिश महाकाय’ म्हणून प्रसिद्ध असलेला चार्ल्‌स बर्न (१७६१–८३) अवघ्या बाविसाव्या वर्षी लंडन येथे मरण पावला. त्याचा सांगाडा शल्यविशारद जॉन हंटर यांनी मिळविला. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग यांनी कवटी उघडविली, तेव्हा पोष ग्रंथीची खोबण रुंदावलेली दिसली. २०११ मध्ये त्याच्या दातांतील डीएनएमध्ये एआयपी जनुकाचे उत्परिवर्तन आढळले. तेच उत्परिवर्तन उत्तर आयर्लंडमधील चार विद्यमान कुटुंबांत असून ते एकाच पूर्वजाकडून आल्याचे दिसते.

सदोष जनुक असलेल्या बहुतेक व्यक्तींना अर्बुद होत नाही, सु. एक-पंचमांश व्यक्तींनाच ते होते. त्यामुळे जनुकपरीक्षा हे रोगाचे निदान नव्हे. तथापि रुग्णाच्या नातेवाइकांची, विशेषतः मुलांची, परीक्षा करून सदोष जनुक असणाऱ्यांची उंची, हॉर्मोनाची पातळी व चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा यांवर लक्ष ठेवल्यास अर्बुद लहान असतानाच सापडू शकते व शस्त्रक्रिया अधिक यशस्वी होते. बर्नच्या काळी असा उपाय उपलब्ध नव्हता.