धीर धरा, गोल फिरा!

इन्स्टंट नूडल्सना दोन मिनिटं लागतात. ओबडधोबड दगडाचा चमचमता खडा व्हायला चार ते पाच आठवडे! वेलकम टू रॉक टम्बलिंग! एक छोटी मोटर, दोन रोलर आणि त्यांच्यावर आडवं पडून रात्रंदिवस फिरणारं रबरी बॅरल. आत दगड, पाणी आणि घासणारी पूड, म्हणजे ग्रिट. बस्स! ना छिन्नी, ना हातोडा. सगळा व्यवहार घासाघीस करूनच!

घाई केली, चमक गेली

माहीत आहे का? बॅरल जोरात फिरवलं तर काम लवकर होण्याऐवजी ठप्पच होतं! वेग फार वाढला की दगड बॅरलच्या भिंतीला चिकटून तिच्यासोबत गरगरत राहतात, एकमेकांना घासतच नाहीत. खरी झीज होते वरच्या थरात, दगड घरंगळत खाली येतात तेव्हा. म्हणून मशीनची चाल मुद्दाम संथ ठेवलेली असते. इथे पेशन्स म्हणजे थेट फिजिक्स!

बॅरल किती भरायचं? दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. कमी भरलं तर दगड आदळून टवके उडतात, काठोकाठ भरलं तर हलायला जागाच उरत नाही. कान लावून ऐका. ठकठक आवाज आला तर माल कमी, अगदीच चिडीचूप असेल तर माल जास्त, एकसारखी खळखळ चालू असेल तर ऑल इज वेल!

आणि हो, सगळे दगड एकाच मापाचे नकोत. मोठ्यांच्या मधल्या फटींत छोटे शिरले की ग्रिट कानाकोपऱ्यात पोहोचतं. जॉइंट फॅमिलीचा फायदा!

आकडा चढतो, दाणा उतरतो

पहिला हप्ता ६०/९० नंबरचं भरड ग्रिट. दुसरा १२०/२२०. तिसरा ५००. शेवटी पॉलिश. प्रत्येकाला साधारण एक आठवडा. आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक, कारण हा नंबर चाळणीच्या छिद्रांवरून ठरतो. १.४ किलोच्या छोट्या बॅरलला भरड ग्रिट लागतं जेमतेम चार टेबलस्पून!

सगळ्यात महत्त्वाची स्टेज कोणती? पॉलिश? चूक! पहिली! दगडाला आकार इथेच येतो, खाचखळगे इथेच जातात. आठवड्याने बॅरल उघडलं आणि एखाद्या दगडावर खड्डा दिसला, तर त्याला त्याच इयत्तेत आणखी एक आठवडा बसवा. पुढच्या स्टेज फक्त मागचे ओरखडे पुसतात, खड्डे भरत नाहीत.

आता भेटा या गोष्टीतल्या व्हिलनला. भरड ग्रिटचा एक दाणा! तो दगडाच्या भेगेत लपून पॉलिशच्या बॅरलमध्ये शिरला की आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडेच ओरखडे. म्हणून प्रत्येक स्टेजनंतर जुन्या टूथब्रशने एकेक दगड घासायचा, झाकणाची खोबणही सोडायची नाही. भेगाळलेला दगड सरळ बाजूला काढायचा. शक्य असेल तर पॉलिशसाठी बॅरलच वेगळं ठेवायचं.

माहीत आहे का? ओला दगड चक्क फसवतो! बारीक ओरखड्यांत पाणी भरतं, पृष्ठभाग सपाट भासतो आणि दगड चमकतो. पुसून कोरडा केला की मेकअप उतरतो. त्यामुळे निकाल नेहमी कोरड्या दगडाचाच लावायचा.

ग्रिट की ग्रेट?

१८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने चिकणमाती आणि कोक एकत्र करून त्यातून वीज सोडली. हाती आले सिलिकॉन कार्बाइडचे कडक, चमकदार स्फटिक. टम्बलरमधलं भरड ग्रिट ते हेच!

पिक्चर अभी बाकी है! हाच पदार्थ हेन्री म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवराजवळच्या अशनीत सापडला. आधी वाटलं हिरे, १९०४ मध्ये कळलं सिलिकॉन कार्बाइड! निसर्गात इतकी दुर्मीळ चीज आपण बॅरलमध्ये चमच्याने ओततो.

आणि पॉलिशची ती पांढरी पूड? बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. रसायन तेच, जे माणिक आणि नीलमचं. म्हणजे दगडाला शेवटचा हात फिरवतो रत्नांचा सख्खा भाऊ!

आपला दगड, आपली शान

माहीत आहे का? टम्बलिंगसाठीचा स्टार दगड आपल्या पायाखाली आहे! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतल्या काहींत सिलिका थरावर थर साचत गेली. तयार झाला अकीक, म्हणजेच अ‍ॅगेट. कठीणपणा मोजायच्या मोह्स पट्टीवर त्याला दहापैकी ६.५ ते ७ मार्क.

पण थांबा! वाघोलीच्या खाणीतला जगप्रसिद्ध निळा कॅव्हनसाइट, नाशिक-जळगावकडचे झिओलाइट, सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात डोळे दिपवणारे स्फटिक... यांना टम्बलरचा वाराही लागू देऊ नका. मऊ आणि ठिसूळ असतात बिचारे. कडक दगडांच्या संगतीत त्यांचा चिखल होईल. बॅरलची सोयरीक जुळवायची ती सारख्या कठीणपणाच्या दगडांशीच.

टम्बलिंगचे दादा लोक

तुमच्या देवघरातही टम्बल झालेले दगड असू शकतात! पंचायतनात शिवासाठी नर्मदेतला बाण, विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा शोणभद्र. या दगडांचा गुळगुळीतपणा ही नदीची करामत. ना मोटर, ना लाइटबिल!

मंगळावरही हाच खेळ! २०१२ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरला तिथे गोलसर गोटे सापडले. वाऱ्याला न पेलणारे, पाण्यानेच घासलेले. एकेकाळी तिथे ओढा वाहत होता, याची साक्ष गोट्यांनी दिली.

शहामृग दगड गिळतं, अन्न दळायला. मग त्याच्या पोटात फुकट पॉलिश होतं? छे! तिथे दगड झपाट्याने झिजतात, चमकत मात्र नाहीत. बारीक पावडरीची स्टेजच नाही ना!

आणि गुजरातचं खंभात? मोटर येण्याआधी तिथले कारागीर अकीकाचे मणी कुरुंदाच्या पुडीसह चामड्याच्या पिशवीत भरायचे आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवत राहायची. ह्यूमन टम्बलर! भारतातल्या तांबड्या अकीकाची कीर्ती तर फारच जुनी. सिंधू संस्कृतीचे मणी साडेचार हजार वर्षांपूर्वी थेट मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांत पोहोचले होते. एक्स्पोर्ट क्वालिटी!

दोन मिनिटं सीरियस

याच खंभातमध्ये अकीक कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीने कित्येक कारागिरांची फुप्फुसं निकामी झाली आहेत. त्या आजाराचं नाव सिलिकोसिस, आणि तो बरा होत नाही. घरच्या टम्बलरमध्ये पाणी असतं म्हणून धूळ उडत नाही; तेव्हा पाण्याशिवाय दगड कधीही घासू नका. सांडलेला गाळ ओला असतानाच पुसा, वाळल्यावर झाडू तर मारूच नका.

तो गाळ सिंकमध्ये? कधीच नाही! पाइपमध्ये सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत ओता, खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांच्या बाजूच्या मातीत सोडा, तळाचा गाळ कचऱ्यात टाका.

माहीत आहे का? काही दगडांमुळे बॅरलमध्ये वायूही साठतो! झाकण फुगलेलं दिसलं तर मशीन बंद करून सावकाश उघडा. दगडालाही गॅसचा त्रास होतो म्हणायचा!

चला, कामाला लागा!

पहिली टेस्ट आजच करा, तीही फुकटात. दगडाचं टोक काचेच्या रिकाम्या बाटलीवर ओढा. ठसठशीत ओरखडा उठला? म्हणजे दगड काचेपेक्षा कडक, सिलेक्ट! मग भेगा तपासा, लहान-मोठे एकत्र करा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली ठेवा आणि बटण दाबा. मोह झाला तरी रोज झाकण उघडून डोकावू नका, आठवडाभराने बघा. पहिल्या स्टेजला हवा तर आठवडा जादा द्या, पण एकही स्टेज गाळू नका. अख्ख्या टम्बलिंगची मास्टर-की हीच!